शर्यतीचा घोडा कसा पाहतात?

(द्वितीय वर्ष, कला)

मी सईसाची मुलगी आहे हे वर्गात कळल्यापासून दर शनिवारी कोणी ना कोणी मला बाजूला घेऊन हळूच विचारते, "उद्या कोण येणार गं?" एकदा तर एका सरांनीही ट्यूटोरियलच्या वह्या परत देता देता हाच प्रश्न विचारला. (त्यांचे नाव लिहीत नाही; अंक त्यांच्या हाती पडणारच आहे.) प्रत्येक वेळी मला ओशाळल्यासारखे होते, कारण मला उत्तर येत नाही. माझे वडील पंचवीस वर्षे घोड्यांच्या पायांशी बसून काढलेले गृहस्थ. त्यांनाही ते येत नाही. मात्र कोण येणार हे सांगता येत नसले तरी एखादे तरुण जनावर मोठ्या शर्यतीच्या लायकीचे आहे की नाही हे कसे पाहतात, ते मी लहानपणापासून ऐकत आले आहे. अण्णा म्हणतात, "अगं, घोडं पळायच्या आधीच धा जागी हरतंय. त्या धा जागा बघायच्या." त्या दहा जागांपैकी मला समजलेल्या काही जागा वाचकांपुढे ठेवते.

मोठी शर्यत म्हणजे कोणती, हे आधी सांगायला हवे. आपल्या देशातली सर्वांत मानाची शर्यत म्हणजे इंडियन डर्बी. मुंबईला महालक्ष्मीच्या मैदानावर, बहुधा फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी ती होते. अंतर २४०० मीटर, आणि सगळा खेळ सुमारे अडीच मिनिटांचा. पहिली इंडियन डर्बी १९४३ साली झाली आणि ती जिंकली 'प्रिन्सेस ब्यूटिफुल' नावाच्या फिलीने, म्हणजे तरण्या घोडीने. पुढे २०१० साली 'जॅकलिन' या फिलीनेही नरांना मागे टाकून डर्बी नेली. फिलीला पाठीवरच्या वजनात दीड किलोची सूट असते. आमच्या वस्तीतल्या बायका म्हणतात की बाईमाणसाला सूट मिळणारी ही जगातली एकच नोकरी.

डर्बीत फक्त चार वर्षांचे घोडे पळतात. म्हणजे घोड्याच्या जन्मात ही संधी एकदाच येते, आणि येथेच पहिली मेख आहे. शर्यतीच्या घोड्याचा वाढदिवस कागदावर १ जानेवारीला असतो, मग तो खरोखर कधीही जन्मलेला असो. समजा, एक शिंगरू जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात जन्मले आणि दुसरे एप्रिलच्या अखेरीस. फेब्रुवारीत डर्बीच्या दिवशी पहिले खरोखर चार वर्षे पुरी केलेले असते, तर दुसरे पावणेचार वर्षांचे. माणसांत हा फरक कोणी मोजणार नाही, पण वाढत्या घोड्याच्या हाडांत साडेतीन-चार महिने फार असतात. डिसेंबरात १६०० मीटरच्या गिनीज शर्यतीत मागे पडलेला एखादा उशिरा जन्मलेला घोडा दोन महिन्यांत असा भरतो की ओळखू येत नाही. म्हणून जाणकार माणूस आधी जन्मतारीख विचारतो आणि मग मागच्या शर्यतीचा निकाल.

त्यानंतर येतो कागद, म्हणजे वंशावळ. जगातले सगळे थरोब्रेड घोडे नरांच्या बाजूने तीन मूळपुरुषांपर्यंत जाऊन पोचतात: डार्ले अरेबियन, गोडॉल्फिन अरेबियन आणि बायर्ली टर्क. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून अठराव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत हे तिघे इंग्लंडात आणले गेले. विक्रीच्या पुस्तकात प्रत्येक घोड्याला एक पान असते. त्यात आई, आजी, पणजी आणि त्यांच्या लेकरांनी काय काय जिंकले ते लिहिलेले असते. मोठी शर्यत जिंकलेल्यांची नावे जाड टाइपात. अण्णांना इंग्रजी वाचता येत नाही. मी सहावीत असल्यापासून ही पाने त्यांना वाचून दाखवीत आले आहे. माझे इंग्रजी पाठ्यपुस्तकापेक्षा घोड्यांच्या आज्या-पणज्यांनीच अधिक सुधारले, असे म्हटले तरी चालेल. वाचून झाल्यावर अण्णा ठरावीक प्रश्न विचारत, "आईच्या अंगानं लांब पळणारं कुणी हाय का?" कारण १२०० मीटर वाऱ्यासारखा पळणारा घोडा २४०० मीटरला शेवटच्या वळणावर उभा राहिल्यासारखा होतो.

अण्णांच्या या प्रश्नाला २०१० साली विज्ञानानेही एक उत्तर दिले. डब्लिनच्या विद्यापीठातील एमेलिन हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्नायूंच्या वाढीवर ताबा ठेवणाऱ्या मायोस्टॅटिन या जनुकात एक फरक शोधून काढला. त्याचे तीन प्रकार पडतात. एक प्रकार कमी पल्ल्याला लाभतो, एक मध्यम पल्ल्याला आणि एक लांबच्या. रक्ताच्या थेंबावरून ते कळते. पण घोडा कोणत्या पल्ल्याचा हे त्यावरून कळते, चांगला की वाईट हे नाही. लांब पल्ल्याचा सुमार घोडा लांब पल्ल्यालाही सुमारच पळतो.

कागदावर किती विसंबायचे याच्या दोन गोष्टी तबेल्यात सगळ्यांना तोंडपाठ आहेत. १९८३ साली अमेरिकेत कीनलँडच्या लिलावात 'स्नाफी डान्सर' नावाचे एक वर्षाचे शिंगरू १ कोटी २ लाख डॉलरना विकले गेले. बाप जगप्रसिद्ध, वंशावळ सोन्याची. ते सरावातच इतके मंद निघाले की एकाही शर्यतीत उतरले नाही. याउलट 'सिॲटल स्लू' हा १९७५ साली अवघ्या साडेसतरा हजार डॉलरना विकला गेला आणि १९७७ साली त्याने अमेरिकेतल्या तिन्ही मोठ्या शर्यती एकदाही न हरता जिंकल्या. योगायोग असा की त्याच १९७७ साली आपल्याकडे डर्बी जिंकली ती 'स्क्वाँडरर'ने, जो आयुष्यात १९ शर्यती पळला आणि त्यांतल्या १८ जिंकला. अठरांची गोष्ट सगळे सांगतात. अण्णा मात्र त्या हरलेल्या एकीविषयीच विचारत राहतात.

आता प्रत्यक्ष घोडा. नवखा माणूस घोड्याचा चेहरा आणि चमकती कातडी पाहतो. अण्णा खालून वर पाहतात. खूर, खुरावरचे तिरपे हाड, सांधा, नळी, गुडघा. घोड्याच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भार पुढच्या दोन पायांवर असतो. साडेचारशे-पाचशे किलोंचे जनावर भरधाव असताना एका क्षणी सगळे वजन एकाच पुढच्या पायावर येते, आणि तो पाय गुडघ्याखाली आपल्या मनगटाएवढा. तेथे मांस नाही. हाड, कातडी आणि मागच्या बाजूने गेलेल्या दोन कंडरा. तबेल्यात त्यांना नुसते 'शीर' म्हणतात. गुडघा बाजूने पाहताना मागे झुकलेला असेल तर त्या शिरेवर ताण अधिक पडतो. खुरावरचे हाड फार उभे असेल तर धक्का वर सांध्यात जातो, फार आडवे असेल तर पुन्हा शिरेवर येतो. सर्व अवयव निर्दोष असलेला घोडा अण्णांनी पंचवीस वर्षांत पाहिलेला नाही. म्हणून दोष आहे का असे ते विचारत नाहीत. हा दोष घेऊन हा घोडा किती लांब जाईल, असे विचारतात.

मग घोड्याला चालवून पाहायचे, धावताना नव्हे तर नुसत्या चालीत. ओल्या वाळूवर पुढच्या पायाचा ठसा उमटला की मागचे पाऊल त्या ठशाच्या पुढे पडले पाहिजे, आणि जितके पुढे तितके चांगले. मी लहान असताना अण्णांनी मला हे आमच्या अंगणातल्या मातीत बोटांनी काढून दाखवले होते. घोडा खांद्यातून मोकळा आहे की अवघडलेला, हे त्या दोन ठशांमधल्या अंतरात दिसते.

येथे थोडे विषयांतर करते. आमचे आजोबा टांग्याचा घोडा घेताना आधी भोवरे पाहत. छातीवर देवमण असला की घोडा घराला लाभतो अशी समजूत. आजही सारंगखेड्याच्या घोडेबाजारात गिऱ्हाईक भोवरे मोजल्यावाचून पैसे मोजत नाही. शर्यतीच्या घोड्यांच्या ओळखपत्रावरही भोवऱ्यांची नोंद असते, पण ती वेगळ्या कारणासाठी. माणसाच्या बोटांच्या ठशांसारखे भोवरे प्रत्येक घोड्याचे निराळे असतात, म्हणून एकाच्या जागी दुसरा उभा करता येऊ नये यासाठी ती घेतात. आजोबांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "बघा, सायबालाबी मानावंच लागलं."

आतल्या गोष्टी पाहणे सर्वांत अवघड. स्वस्थ उभ्या घोड्याचे हृदय मिनिटाला तीस-चाळीस ठोके देते, तेच भरधाव पळताना दोनशेवीसच्या वर जाते. घोड्याला तोंडाने श्वास घेता येत नाही, आणि दौडीत त्याचा श्वास झेपेला बांधलेला असतो: एक झेप, एक श्वास. त्यामुळे घशात किंवा नाकात थोडा जरी अडथळा असला तरी शेवटच्या चारशे मीटरमध्ये त्याचे बिंग फुटते. डॉक्टर नाकातून दुर्बिणीची नळी घालून घसा पाहतात. जोराच्या दौडीनंतर फुप्फुसात रक्त आले आहे का हेही तिच्यातून दिसते. हृदय केवढे आहे ते मात्र वरून कळत नाही. अमेरिकेतला 'सेक्रेटॅरिअट' १९७३ साली बेलमाँटची शर्यत ३१ लांबींनी जिंकला. १९८९ साली तो गेल्यावर शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी त्याचे हृदय सुमारे दहा किलोंचे असावे असा अंदाज केला. सामान्य घोड्याचे चार किलोंच्या आसपास असते.

आता पहाटेच्या सरावाकडे वळू, कारण वर्तमानपत्रांत येते ते हेच. 'अमुक घोडा, १००० मीटर १ मिनिट ५ सेकंद, ६०० मीटर ३८ सेकंद, सहज' अशा ओळी वाचून लोक रविवारचे आडाखे बांधतात. मला त्या ओळींची गंमत वाटते. पाठीवर हलका जॉकी होता की साठ-पासष्ट किलोंचा रायडिंग बॉय, घोडा आतल्या कठड्याला लागून पळाला की बाहेरून लांबचा फेरा घेऊन, त्याला रेटले होते की त्याने आपणहून ओढ घेतली, शेजारी दुसरा घोडा होता की तो एकटाच होता, यांतले काही घड्याळ सांगत नाही. अण्णा तर घोडा थांबल्यावरच पाहायला लागतात. नाकपुड्या किती वेळ फुगलेल्या राहतात, बरगड्यांची वरखाल कधी शांत होते, फिरवताना दहा मिनिटांत तो इकडेतिकडे पाहू लागतो की मान खाली टाकतो. दोन घोडे एकाच वेळेत पळाले आणि एकाचा श्वास लवकर बसला, तर दुसऱ्याच्या हाती आता देण्यासारखे काही उरलेले नाही.

आणि सर्वांत खरी जागा म्हणजे गव्हाण. जोराच्या सरावानंतर संध्याकाळची चंदी घोड्याने चाटूनपुसून संपवली तर काम त्याला झेपले. ओट आणि कोंडा तसाच ठेवून नुसती लसूणघास चघळत उभा राहिला, तर घड्याळ काहीही सांगो, त्याला ते जड गेले आहे. हे ट्रेनरला दिसत नाही, मालकाला तर नाहीच. रात्री नऊ वाजता रिकामी किंवा भरलेली गव्हाण पाहतो तो सईस.

शर्यतीच्या दिवशी रिंगणात घोडे फिरवतात तेव्हा पाहायच्या खुणाही आहेत. मांड्यांमध्ये पांढरा फेस आला असेल तर घोडा आपली शक्ती रिंगणातच सांडतो आहे, कान सारखे मागे असतील तर त्याचे मन तेथे नाही, वगैरे. पण त्या खुणा पैसे लावणाऱ्यांसाठी. तबेल्यातल्या माणसांचे काम तोवर संपलेले असते.

आता मी ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ती हकीकत.

मी अकरावीत होते. अण्णा दरवर्षीप्रमाणे नोव्हेंबरात घोड्यांबरोबर मुंबईला गेले होते. मोसमभर त्यांचा मुक्काम तेथेच असतो आणि आमचे घर तेवढे दिवस फोनवर चालते. त्या वर्षी त्यांच्या हाताखाली एक कुमेत कोल्ट होता. त्याचे लांबलचक इंग्रजी नाव येथे देत नाही. आमच्या घरी तो 'बाळ्या' होता. वरच्या बहुतेक सगळ्या कसोट्यांना तो उतरलेला. आईच्या अंगाने लांबचा पल्ला, जन्म जानेवारीचा, चाल मोकळी आणि गव्हाण रोज लख्ख. एका मोठ्या शर्यतीत तो उतरणार होता. घोडा जिंकला की तबेल्यातल्या माणसांनाही बक्षिसी मिळते, आणि त्या बक्षिसीतून माझ्या बारावीच्या क्लासची फी भरायची हे घरात न बोलता ठरलेले होते.

शर्यतीला चार दिवस असताना बाळ्याचा शेवटचा जोराचा सराव झाला. त्याने त्या पहाटेची सर्वांत चांगली वेळ दिली. वर्तमानपत्रातही आली. मी ती ओळ कापून वहीत चिकटवली.

त्याच रात्री अकराच्या पुढे अण्णांचा फोन आला. ते हळू आवाजात बोलत होते. संध्याकाळी पट्ट्या सोडल्यावर त्यांनी नेहमीप्रमाणे दोन्ही पुढच्या पायांवरून हात फिरवला होता. "उजवा पाय निराळा लागतोय गं," ते म्हणाले. सूज नाही, लंगडणे नाही, चंदी सगळी खाल्लेली. फक्त गुडघ्याखाली मागच्या शिरेवर रुपयाएवढी जागा किंचित गरम. तीनदा जाऊन हात लावून आले होते. बरोबरीच्या एका माणसाने सल्ला दिला होता की बर्फ लावून ठेव, सकाळपर्यंत उतरेल, उगाच बोंब मारू नकोस. बर्फाने ऊब उतरते हे खरेच आहे. शीर मात्र त्याने सांधत नाही. नुसते हाताला कळेनासे होते.

"मग सांगा ना साहेबांना," मी म्हटले.

"सांगितलं आन् काय निघालंच न्हाई तर?"

सईसाने मोठ्या शर्यतीच्या तोंडावर खोटी बोंब मारली, तर पुढे त्याच्या हातावर कोण भरवसा ठेवणार? आणि खरे निघाले तर मालकाचे, ट्रेनरचे, जॉकीचे, सगळ्या तबेल्याचे वर्ष गेले. मी खरे तेच लिहिते: त्या वेळी मला क्लासची फी आठवली आणि मी काही वेळ गप्प राहिले. अण्णांनाही ती आठवली असणार, कारण तेही गप्प होते. मग मी विचारले, "बर्फ लावलाय?" ते म्हणाले, "न्हाई." त्या 'न्हाई'वरून मला कळले की त्यांचे ठरले आहे, फोन त्यांनी विचारण्यासाठी केलाच नव्हता.

सकाळी त्यांनी साहेबांना सांगितले. साहेबांनी स्वतः हात लावून पाहिला, त्यांना काही लागले नाही. तरी त्यांनी डॉक्टरांना बोलावले, हे त्यांच्याविषयी सांगितले पाहिजे. डॉक्टरांनी पायाची सोनोग्राफी केली. निरोगी शीर पडद्यावर एकसारखी उजळ दिसते. बाळ्याच्या शिरेत मधोमध एक काळा ठिपका होता. आतले धागे तुटू लागले होते. त्या अवस्थेत २४०० मीटर पळवला असता तर शेवटच्या वळणावर कदाचित सगळी शीरच गेली असती, आणि त्यावर तबेल्यात एकच उपाय असतो, जो वाचकांना सांगायला नको. बाळ्याचे नाव शर्यतीतून काढून घेतले.

त्या रात्री काहीजण अण्णांशी बोलले नाहीत. त्यांची बक्षिसीही गेलीच होती, त्यांनाही घरे आहेत. क्लासची फी आईने भिशीतून उचलली; मी अर्ध्याच विषयांचा क्लास लावला आणि अर्थशास्त्र घरी केले. (गुण पाहता ते दिसून येते.)

फाटलेल्या शिरेला सांधायला नऊ महिने ते वर्ष लागते. बाळ्या अकरा महिने पळाला नाही. आधी नुसते उभे राहणे, मग हाताने फिरवणे, मग दुडकी चाल. डर्बीचे वय तोवर निघून गेले. परत आल्यावर पहिल्या शर्यतीत तो सातवा आला, नंतर एकदा पाचवा, आणि गेल्या पावसाळ्यात पुण्याला एका साध्या शर्यतीत तिसरा. मी कठड्याशी उभी होते. लोक पहिल्याकडे पाहत होते. अण्णा बाळ्याला घेऊन मागच्या बाजूने तबेल्याकडे निघाले, आणि मी तेथे पोचले तेव्हा ते खाली बसून पट्ट्या सोडीत होते. आधी डावा पाय, मग उजवा, आणि उजव्यावर हात जरा अधिक वेळ.